नजर बसवताना

ठिपकीच्या लहानपणी घरात नेहमी दोन-चार आंधळे संत मुक्कामाला असायचे. कुणी दाराशी, कुणी जिन्याखाली, कुणी आईच्या शिवणयंत्राला पाठ लावून. तिचे बाबा चर्चमधल्या मूर्ती रंगवायचे, मोडक्या दुरुस्त करायचे, आणि घराची रस्त्याकडची मोठी खोली हा त्यांचा कारखाना. कारखाना हा बाबांचा शब्द. बाबांची थोरली बहीण, म्हणजे आत्या, त्याला उकिरडा म्हणायची आणि नाकाला रुमाल लावूनच आत यायची. वरच्या तावदानातून दुपारचं ऊन तिरकं उतरलं की प्लास्टरची धूळ त्यात नुसती तरंगत राहायची, जणू खोलीलाच डुलकी लागलीय. त्या धुळीत, कोऱ्या पांढऱ्या चेहऱ्यांमध्ये ती वाढली. नाकावर, कानामागे, वेणीच्या टोकाला, कुठे ना कुठे तिला रंग लागलेला असायचाच, म्हणून ती ठिपकी. शाळेत दुसरं नाव होतं, पण त्या नावाने कुणी हाक मारली तर ती ढिम्म हलायची नाही.

कारखान्यात एकच कायदा होता आणि तो डोळ्यांचा होता. डोळे सगळ्यांत शेवटी काढायचे. तोवर मूर्ती म्हणजे नुसतं प्लास्टर. तिच्या बोटाला टोपी अडकवा, देवदूताच्या पंखांवर ओले मोजे वाळत घाला, तिच्यासमोर कचाकचा भांडा, कुणाची हरकत नाही. पण एकदा डोळे लागले की खोलीची हवाच बदलायची. मोजे निघायचे, आवाज खाली यायचे, मूर्तीवर धुतलेली पांढरी चादर पडायची आणि ती चर्चला रवाना होईपर्यंत घरात कुणी कुणाला साधं गाढवसुद्धा म्हणायचं नाही. आईचं बाबांशी एखादं भांडण अर्धवट राहिलं असेल तर ती दातओठ खात हळूच म्हणायची, "या बाई एकदा जाऊ देत, मग बघते तुमच्याकडे."

डोळ्यांच्या आधी नजर बसवावी लागे. बाबा चर्चमध्ये जाऊन मूर्तीचा कोनाडा किती उंच, गुडघे टेकायची फळी किती लांब, हे सुतळीने मापून, तिला गाठी मारून घेऊन यायचे. मग कारखान्यात मूर्ती तेवढ्याच उंचीवर ठेवायची, सुतळीचं एक टोक तिच्या दोन भुवयांच्या मधे मेणाने चिकटवायचं आणि दुसरं टोक कपाळाला लावून ठिपकीने गाठीच्या अंतरावर गुडघे टेकायचे. सुतळी जिकडे जाईल तिकडे बुबुळं. "प्रार्थनेला बसलेल्याला वाटलं पाहिजे, माझ्याकडेच बघतेय," बाबा सांगायचे. "शेजारणीकडे नाही." त्यामुळे कितीतरी संतांनी डोळे उघडल्यावर या जगात पहिल्यांदा काय पाहिलं, तर नाक खाजवायची चोरी झालेली एक मुलगी.

डोळे काढायच्या दिवशी बाबा कोपरापर्यंत हात धुवायचे, क्रूसाची खूण करायचे, 'नमो मरिया'ची प्रार्थना पुटपुटायचे आणि मग सगळ्यांत बारीक ब्रश उचलायचे. एकदा ठिपकीने विचारलं, "मी कधी काढू डोळे?"

"मोठी झालीस की. पण एक अट आहे हं," बाबा म्हणाले. "डोळा म्हणजे खिडकी. पलीकडून कुणीतरी बघणार आहे असं ज्याला वाटतं, त्यानेच ती उघडावी. नाहीतर मग भिंतीला भोकंच पाडायची."

ही अट सोडली तर घर तसं बेताचंच धार्मिक होतं. रविवारी जमलं तर चर्चमधली मिस्सा-प्रार्थना, नाही जमलं तर जाताजाता चर्चच्या दिशेने मान लववायची. आईला वीज कडाडली की देव आठवायचा आणि ऊन पडलं की विसरायचा. बाबा म्हणायचे, आपण त्याच्या घरी कामाला जाणारी माणसं, आपल्याला पाहुण्यासारखं रोज नटून जायची गरज नाही. आत्याला हे ऐकून नाकाला मिरच्या झोंबत. गुडघे झिजवायचं खातं सगळ्या घराण्याच्या वतीने तिनेच सांभाळलं होतं.

पापनिवेदनाला सांगण्यासारखं पाप ठिपकीकडे कधी नसायचं, म्हणून ती शेजारच्या मुलीचं उसनं घ्यायची. एकदा दोघींनी लागोपाठ एकच पाप सांगितलं आणि लाकडी जाळीमागे म्हाताऱ्या फादरांना खोकल्याची उबळ आली. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी पांढरा फ्रॉक घालून ती काहीतरी होईल म्हणून जीव मुठीत धरून बसली. प्रसादाची ती पातळ चकती टाळूला चिकटली आणि जिभेने सोडवता सोडवता मिस्सा संपली. ती काही नाराज झाली नाही. पुढच्या वेळी होईल, असं तिने स्वतःला सांगितलं.

बोलायचं मात्र तिला भारी वेड. झोपायच्या आधी ती कारखान्यात येऊन मूर्तींना दिवसभराचं सांगायची, तेही डोळे नसलेल्यांना. डोळेवाल्यांसमोर तिला अवघडल्यासारखं व्हायचं. एका सुट्टीत पाठ फुटलेला संत योसेफ दुरुस्तीला आला. तिने भगदाडातून खांद्यापर्यंत हात आत घातला. आत काथ्या, कोळ्याचं जाळं आणि थंडगार रिकामी जागा. ती बराच वेळ तशीच उभी राहिली, योसेफाच्या पोटात हात घालून.

"बाबा, आत काहीच नाहीये."

"मग काय असणार? आत कुणी असता तर उचलताना माझी कंबर नसती का मोडली?"

दोघं पोट धरून हसली. ती रिकामी जागा तिला मुळीच भयंकर वाटली नाही. उलट दुपारी शाळा सुटल्यावरच्या वर्गासारखी ती शांत आणि आपली वाटली.

तिचा विश्वास कधी गेला, हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आत्याने परस्पर ठरवून टाकलं होतं की आई गेली तेव्हा पोर देवावर रुसली. तसं नव्हतं. आईच्या आजारपणात ठिपकीने देवाकडे काही मागितलंच नव्हतं, मग रुसणार कशावर? खरं तर फार साधी गोष्ट झाली. आईला जाऊन बरेच दिवस झाले होते. एका दुपारी ती टर्पेंटाइनमध्ये ब्रश धूत होती, ऊन तिरकं उतरलं होतं, आणि तिच्या लक्षात आलं की आपण कितीतरी दिवसांत कुणाशी बोललोच नाही, आतल्या आत, पूर्वी बोलायचो तसं. तिने बोलून पाहिलं. नव्या फ्रॉकला खिसा नसावा आणि सवयीने हात तिथे जावा, तसं झालं. हात खाली घसरला. ती थोडा वेळ थांबली, मग तिने ब्रश फडक्याला पुसले आणि डब्यात उभे करून ठेवले.

तेव्हापासून ती मिस्सेला आत जाईनाशी झाली. भांडण नाही, तंडण नाही. रविवारी बाबांना हाताला धरून चर्चच्या दारापर्यंत न्यायची आणि स्वतः वरच्या पायरीवर बसायची, चर्चकडे पाठ आणि रस्त्याकडे तोंड करून. आतून गाणं यायचं, मेणाचा वास यायचा, समोर कुणाची तरी मांजर भिंतीवरून संथ चालत जायची. तिला तिथे बरं वाटायचं. बाबांनी कधी विचारलं नाही, ती कधी बोलली नाही. कारखान्यातली सगळी कामं आता तीच करत होती. घासणं, भरणं, अंगाचा रंग, वस्त्रांच्या चुण्या, सोनेरी वर्ख, सगळं. फक्त डोळे बाबांचे. तिने कधी मागितले नाहीत आणि त्यांनी कधी देऊ केले नाहीत. या एका गोष्टीकडे दोघांनी वर्षानुवर्षं व्यवस्थित कानाडोळा केला होता.

मग बाबांचा उजवा हात थरथरायला लागला.

आधी कप बशीवर वाजायचा तेवढंच. मग सदऱ्याची बटणं ठिपकी लावून द्यायला लागली. आणि नेमक्या त्याच सुमारास चर्चने नवी मरियामाता पाठवली. कोनाड्यातली जुनी ओल लागून पार भुसभुशीत झाली होती. नवी कोरी होती, माणसाएवढी उंच. बाबा तिच्याभोवती काठी टेकत फिरले आणि म्हणाले, "ही झाली की बास."

ठिपकीने जीव ओतून ती रंगवली. निळ्या वस्त्राच्या घड्या इतक्या मऊ उतरल्या की आत्यानेसुद्धा रुमाल खाली करून बोट लावून पाहिलं. सुतळीने माप घेऊन ठिपकीने नजरेच्या जागी पेन्सिलीचे बारीक टिंबही मारून ठेवले. आता उरले डोळे.

"यात एवढं काय?" आत्या म्हणाली. "तुझा हात हा असा. ठिपकी काढेल की."

बाबा स्टुलावर बसले होते. त्यांनी उजवा हात डाव्या हाताने मांडीवर दाबून धरला होता. ते ठिपकीकडे बघत म्हणाले, "काढशील. ब्रश आत्ता तुझ्या हातात देतो, कारखानाही देतो. फक्त एक सांग, आजवर विचारलं नाही ते. तुला वाटतं का गं, पलीकडे कुणी आहे?"

खोलीत धूळ तरंगत होती. मरियामातेचा कोरा चेहरा तिघांच्या डोक्यावरून कुठेच बघत नव्हता. नुसतं हो म्हटलं की म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडणार होता. आयुष्यभराचं काम योग्य हातात गेलं म्हणून त्याला शांत झोप लागणार होती. आत्या मागून डोळ्यांनी खुणावत होती, म्हण की, म्हण. पण डोळ्यांच्या बाबतीत या खोलीत कधी कुणी खोटं काम केलं नव्हतं. तिने बाबांचा चेहरा पाहिला आणि तिला कळलं की त्यांना खोटं सांगितलं तर यापुढे ते सगळे डोळे तिला खरोखरच भोकं वाटतील.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "मला नाही वाटत."

बाबांनी मान हलवली. रागाने नाही, कुणी दिलेला पत्ता नीट लक्षात ठेवावा तशी. "केव्हापासून?"

"माहीत नाही. हळूहळू."

"अगं, हो म्हणायला काय जातं?" आत्या बाहेर पडता पडता तिच्यावर खेकसली. "जिभेला काय हाड आहे?"

पुढचे काही दिवस घरात कुणी बोलेना. डोळे नसताना एवढी शांतता या घराला माहीत नव्हती. बाबा फळीच्या तुकड्यावर डोळे काढून बघायचे. हात उडायचा, बुबुळ कानापर्यंत जायचं. ते फळी उलटी ठेवायचे आणि चहा मागायचे. ठिपकीला मनातून फार वाईट वाटत होतं. आपण खरं बोललो आणि त्यापायी एका मूर्तीला आणि एका माणसाला अंधारात उभं केलं, असं तिला वाटायचं. एका दुपारी बाबांनी सुतळीचा गुंडा खिशात घातला आणि काठी घेतली.

"माप घेतलंय मी," ती म्हणाली.

"पुन्हा बघून येतो."

"मी येते सोबत."

"नको. मला काय रस्ता माहीत नाही?"

तिला ते लागलं. आपल्या मापावरही आता यांचा भरवसा नाही, असं तिच्या मनात आलं. ते बऱ्याच उशिराने आले, दमलेले, पण चेहऱ्यावर कसलीतरी खोडकर तकाकी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हात कोपरापर्यंत धुतले, खूण केली, पुटपुटले आणि म्हणाले, "ये, मनगट धर."

ती त्यांच्या मागे उभी राहिली. दोन्ही हातांनी तिने त्यांचं मनगट धरलं. हाडं पाखरासारखी हलकी झाली होती. थरथर तिच्या तळव्यांत येऊन विरत होती, आणि ब्रशचं टोक हळूहळू स्थिर झालं. अशी दोघं एका हाताने डोळा काढू लागली. पापणीची कड झाली, पांढरं झालं. मग बुबुळ. ब्रश पेन्सिलीच्या टिंबाशी आला आणि तिथे न टेकता वर सरकला. तिने मनगट खाली ओढलं. ते पुन्हा वर गेलं.

"बाबा, वर जातंय. टिंब खाली आहे."

"तू धर. ओढू नकोस."

म्हाताऱ्या माणसाचा हट्ट, तिला वाटलं. आणि आता या हट्टाला नाही म्हणायची तिची ताकद संपली होती. तिने फक्त धरून ठेवलं. दुसरा डोळा पहिल्याच्या जोडीने वर गेला. बाबांनी ब्रश खाली ठेवला आणि घाईघाईने म्हणाले, "चादर टाक."

मूर्ती चादरीतच गेली आणि चादरीतच कोनाड्यात चढली. चादर रविवारी फादरांनी ओढली तेव्हा ठिपकी पायरीवर बसली होती, नेहमीसारखी पाठ करून. आत काही कुजबुज झाली, एवढंच तिला ऐकू आलं.

आत्या मिस्सा संपताच तणतणत बाहेर आली. "मी तिच्या पायाशी गुडघे टेकून बसलेय आणि बाई बघतायत माझ्या डोक्यावरून! एवढी वर्षं मी काय हवेत प्रार्थना करतेय?"

मागून बाबा आले, फादरांचा हात धरून. फादर नवे होते, तरुण, आणि बोलायला मऊ. "तसं काही मोठं नाही," ते म्हणाले. "पण लोकांना वाटतं, माता आपल्याकडे बघत नाही. थोडं खाली घेता येईल का?"

"हात हलला," बाबा म्हणाले. "म्हातारा झालोय. येईल ही, करेल नीट."

ठिपकी चमकली. "मी? डोळे?"

"दुरुस्तीच तर आहे," बाबा रस्त्याकडे बघत म्हणाले. आयुष्यभर जपलेली अट त्यांनी इतक्या सहज सोडून दिली की तिला गलबलून आलं.

आठवड्याच्या मधल्या एका दुपारी ती बारीक ब्रश, रंग आणि सुतळीचा गुंडा घेऊन चर्चमध्ये गेली. आत कुणी नव्हतं. रंगीत काचांतून आलेलं ऊन बाकांवर सांडलं होतं आणि त्यातही धूळ तरंगत होती, तीच, घरचीच वाटावी अशी. दार सताड उघडं होतं. फादरांनी शिडी आणून दिली आणि ते कोपऱ्यात उभे राहिले. ठिपकी शिडीवर चढली, तिने सुतळीचं टोक मेणाने भुवयांच्या मधे चिकटवलं आणि गुंडा घेऊन खाली उतरली. चूक किती आहे हे आधी कळायला हवं. बुबुळांकडे बघत बघत, सुतळी सोडत, ती उलटी चालू लागली.

गुडघ्याच्या फळीपाशी तिच्या हाताला पहिली गाठ लागली, तिने स्वतः मारलेली. इथे नजर मिळत नव्हती. पुढच्या बाकांपाशी नाही, मागच्या बाकांपाशी नाही. ती मागे मागे जात राहिली आणि मरियामाता अजून तिच्या डोक्यावरूनच बघत होती. हात एवढा कसा चुकेल? दारापाशी नजर खाली यायला लागली. उंबरठ्याबाहेर पाऊल टाकलं तेव्हा ती तिच्या छातीवर होती. आणखी मागे जायला जागा नव्हती, पायऱ्याच सुरू होत होत्या. म्हणून ती खाली बसली, वरच्या पायरीवर, दर रविवारच्या जागी. फक्त या वेळी तोंड आत करून.

आणि दोन्ही डोळ्यांनी तिला पाहिलं.

बोटांत काहीतरी टोचलं. सुतळीला तिथे गाठ होती. तिने मारलेली नव्हती. सैल, वाकडीतिकडी, थरथरत्या हाताने, बहुधा दात लावून घट्ट केलेली गाठ.

ठिपकी तिथेच बसून ढसाढसा रडली. पलीकडे कुणी आहे असं तिला त्या क्षणीही वाटलं नाही. त्या निळ्या वस्त्राच्या आत काथ्या होता, कोळ्याची जाळी होणार होती, हे तिला पक्कं माहीत होतं. पण एक म्हातारा काठी टेकत इथवर आला होता. तो तिच्या जागेवर बसला होता, सुतळी कपाळाला लावून. आत न येणाऱ्या पोरीवर कुणाचीतरी नजर राहावी म्हणून. देवाची नसली तर प्लास्टरची तरी.

फादर दारापर्यंत आले. त्यांनी सुतळी पाहिली, ती जिथे संपली होती तिथे बसलेली बाई पाहिली.

"किती खाली घ्यावी लागेल?" त्यांनी विचारलं.

"नाही घेता यायची," ठिपकी नाक पुसत म्हणाली. "नजर बरोबर बसलीय. आत्याबाईंना म्हणावं, इथे पायरीवर बसून बघा."

फादर हसले आणि शिडी उचलायला आत गेले.

घरी बाबा तावदानाखाली चहा घेत होते. ऊन त्यांच्या मांडीवर आलं होतं. तिने ब्रश डब्यात ठेवला. तो कोरडाच होता, आणि ते त्यांना दिसलं.

"केलंस नीट?"

"नाही."

"का गं? हात हलला होता माझा."

कप बशीवर वाजायला लागला. ठिपकी त्यांच्याजवळ खाली बसली आणि तिने त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"हलला नव्हता, बाबा," ती म्हणाली. "मी धरला होता ना."